माहुलीचा बाळराजा

आसनगाव स्टेशनात उतरले की माहुलीचे सुळके दिसतात. शहापूर-मुरबाडच्या आपल्या माणसांना ते रोजचेच. पण निजामशाही याच गडावर बुडाली आणि तिचा शेवटचा राजा लहान पोर होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

१६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेतले, निजामशहाला कैद केले. तेव्हा शहाजीराजांनी त्याच घराण्यातला मुर्तजा नावाचा मुलगा पेमगिरीवर गादीवर बसविला. नाव मुलाचे, कारभार शहाजीराजांचा. मलिक अंबरनेही पूर्वी हेच केले होते. १६३६ साली माहुलीला वेढा पडला, तह झाला. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पोर मोगलांच्या हवाली झाले. त्या पोराला कुणी काही विचारले होते काय?

ही रीत एकट्या इथली नव्हे. व्हिएतनाममध्ये ले घराण्याचे सम्राट नावाला गादीवर, हुकूम त्रिन्ह सरदारांचा. आपल्याकडे १७५० च्या सांगोला करारानंतर छत्रपती साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात पेशव्यांकडे.

राजे गेले. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना आणि दलित-आदिवासींना राखीव खुर्ची मिळाली. तरी खुर्चीत ताई आणि ठराव मात्र दुसऱ्याच्या ओटीवर, असे अजून घडते. नवराही त्यात कमी नसतो!

सरपंच ताई, पंचायतीच्या पैशाला ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर तुमची सही लागते. कोऱ्या चेकवर ती करू नका. ठराव आधी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा आणि तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.