रोजच्या रस्त्यावर शर्यतीची मोटार

बेंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा व ट्रॅक्टर यांना मज्जाव करण्यात आला. सुमारे ११८ किलोमीटरच्या या मार्गाचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मंड्या येथे झाले आणि दोनच दिवसांत टोलवसुली सुरू झाली. मंड्या जिल्ह्यातला ऊस पिकवणारा शेतकरी पाच महिन्यांच्या आत बाजूच्या सेवारस्त्यावर ढकलला गेला. दुचाकीस्वारांचे प्राण वाचावेत, हे बंदीचे कारण देण्यात आले. मार्गावर पहिल्या काही महिन्यांत झालेली प्राणहानी पाहता ते खोटे म्हणता येणार नाही. परंतु धोका ज्याच्या वेगामुळे निर्माण होतो तो रस्त्यावर राहिला आणि ज्याला धोका पोहोचतो तो बाहेर गेला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय या घटनेशी निगडित आहे.

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत आज हजारो तरुण संगणक-अभियंते काम करतात. त्यांत बँक कर्मचारी, रेल्वे कामगार, शिक्षक यांची मुले आहेत आणि मराठी घरांतली, आपल्या सहानुभूतीदारांच्या घरांतली मुलेही आहेत. अशाच एका घरातील तरुणाने अलीकडे मला विचारले की, पगार चांगला आहे, कर्ज मिळते, तर मग दोन आसनांची जुनी पण उमदी स्पोर्ट्‌स मोटार घेऊन तीच रोज कामावर न्यायला हरकत कोणती? त्याच्या वडिलांनी "चैन" या एका शब्दात विषय संपवला होता. मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि कित्येक घरांत हाच संवाद असाच तुटत असेल असे वाटल्याने येथे लिहीत आहे.

त्या तरुणाचे म्हणणे प्रथम नीट मांडले पाहिजे. तो म्हणतो, मी कोणाचे शोषण करून हे पैसे मिळवलेले नाहीत. ती माझी मजुरी आहे. श्रीमंत लोक अशी गाडी कापडाखाली झाकून ठेवतात आणि रविवारी बाहेर काढतात. मी ती रोज वापरीन, म्हणजे तिचे उपयोगमूल्य तरी वसूल होईल. आणि उत्तम यंत्राविषयी प्रेम वाटणे हा गुन्हा आहे काय? तेही अखेर कामगाराच्याच हाताचे कौशल्य आहे! यातले बरेचसे मला मान्य आहे. साधेपणाचा पंथ हा आपला वारसा नव्हे. श्रमिकाने सुंदर वस्तू वापरू नये, असे समाजवादाने कधी सांगितलेले नाही.

म्हैसूरलाच याचा दाखला आहे. मुंबईतील इराणी कुटुंबाने १९६० च्या सुमारास यादवगिरी भागात 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला. मूळ जावा ही चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये आपल्या आणि 'वांडरर' या जर्मन कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ठेवले, आणि महायुद्धानंतर त्या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हैसूरला तयार होऊ लागलेली अडीचशे सी.सी.ची जावा, पुढे १९७३ नंतरची येझदी आणि १९७८ ची रोडकिंग या गाड्या पाहिलेल्या वाचकांना त्यांची लक्षणे सांगायला नकोत: एकाच सिलिंडरला दोन धुराडी, आणि किक मारायची तीच दांडी पुढे पाडून गिअरची. मद्रासजवळच्या शोलावरम येथील धावपट्टीवर शर्यतींत या गाड्या धावत, आणि तीच गाडी सोमवारी सकाळी शिक्षकाला शाळेत व फिटरला पाळीवर नेत असे. खेळाचे यंत्र आणि कामाचे यंत्र एकच होते. त्याला वेगळा रस्ता लागत नव्हता. ती चालवणारा माणूस इतर दुचाकीस्वारांइतकाच उघडा असे, पडला तर तोच पडे.

पण ही कथा येथेच थांबवली तर ती केवळ गतकाळाची हळहळ ठरेल. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सी.सी.ची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. ती येझदीच्या मानाने अगदीच निरुत्साही होती, परंतु एका लिटरमध्ये कितीतरी दूर जात होती. कारकुनाने, कामगाराने, दूधवाल्याने महिन्याचा हिशेब मांडला आणि तिची निवड केली. त्यात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कामगारांच्या दृष्टीने ही शोकांतिकाच होती. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे दुसऱ्या भांडवलाने पुन्हा बाजारात आणली, पण गाड्या आता मध्य प्रदेशात पीथमपूरला तयार होतात. म्हैसूरच्या वाट्याला आठवण राहिली. मुद्दा असा की, रोजच्या वापराला वेगवान यंत्र परवडते का, या प्रश्नाचे उत्तर म्हैसूरच्या रस्त्यावर सामान्य माणसाने चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर हिशेबाचे होते, वैराग्याचे नव्हते.

आता तोच हिशेब स्पोर्ट्‌स मोटारीला लावून पाहू. आपल्याकडील प्रमाणित गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर. अनधिकृत गतिरोधक याहून उंच असतात. अशा मोटारीचा तळ जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर. घर ते हेब्बाळ या रोजच्या वाटेवर ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पोट घासू नये म्हणून तिरकी होत होत चालणार, आणि साध्या मोटारीच्या दुप्पट-तिप्पट पेट्रोल पिणार. बरे, द्रुतगती मार्गावर तरी? तेथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि कॅमेरे बसवलेले आहेत. या वेगाने ११८ किलोमीटर जायला ७१ मिनिटे लागतात, साध्या मोटारीलाही आणि तिच्या दहापट किंमतीच्या मोटारीलाही. म्हणजे रोजच्या वापराने उपयोगमूल्य वसूल होते, हा त्या तरुणाचा युक्तिवाद उलटा पडतो. तिचे जे खरे उपयोगमूल्य, वेग, ते रोजच्या रस्त्यावर कायदा पाळून कधीच हाती लागत नाही. उरते ते प्रदर्शनमूल्य.

फ्रेंच विचारवंत आंद्रे गोर्झ यांनी १९७३ मध्ये मोटारीची तुलना समुद्रकिनाऱ्यावरील बंगल्याशी केली होती: मोजक्यांकडे असेपर्यंतच तिचा लाभ, सर्वांनी घेतली की कोणालाच नाही. स्पोर्ट्‌स मोटारीचे याहून एक पाऊल पुढे आहे. तिचा लाभ मिळायला इतरांनी रस्त्यातून दूर व्हावे लागते. येथे भाषांतरकाराच्या सवयीने एक गोष्ट नमूद करतो. 'स्पोर्ट्‌स कार'ला मराठीत धड शब्द रुळला नाही. 'क्रीडामोटार' हास्यास्पद वाटते, म्हणून मी शीर्षकात 'शर्यतीची मोटार' लिहिले. पण मूळ शब्दात खेळ आहे, आणि खेळाला मैदान लागते व समोरच्याची संमती लागते. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने कसली संमती दिलेली असते?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये काय घडले ते वाचकांस ठाऊक आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्शे. मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते जागीच ठार. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला मिळालेल्या जामिनाने देश संतापला. १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. अशी प्रत्येक मोटार बाळगणारा असाच वागतो, असे मी म्हणत नाही; म्हैसूरचा तो तरुण तर मुळीच वागणार नाही. परंतु २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. आपल्या रस्त्यावर यंत्राची जादा शक्ती जवळ बाळगणे हा केवळ मालकाचा खाजगी प्रश्न राहत नाही, एवढे या आकड्यांवरून मान्य करावे लागेल.

शासनाला ही मोटार चैनीची वाटते काय, तेही पाहण्यासारखे आहे. जुलै २०२५ मध्ये बेंगळूरच्या परिवहन अधिकाऱ्यांनी महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीच्या मालकाकडून सुमारे १.४२ कोटी रुपये कर वसूल केला. गाडीची किंमत साडेसात कोटींच्या घरात. ती महाराष्ट्रात नोंदवण्याचे रहस्य उघड आहे. आपल्या राज्यात एकरकमी वाहनकराला कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. आठ लाखांची पेट्रोल मोटार घेणारा शिक्षक ११ टक्के दराने ८८ हजार भरतो; साडेसात कोटींच्या मोटारीवर ३० लाख म्हणजे अवघे ४ टक्के. पुरोगामी महाराष्ट्राची ही करनीती!

तेव्हा माझे उत्तर असे: रोजची गाडी म्हणून ती घेऊ नये. यंत्रावर प्रेम असेल तर कोइमतूरची कारी धावपट्टी म्हैसूरपासून फार दूर नाही. तेथे खेळाला मैदान आहे आणि संमतीही. किंवा एखादी जुनी येझदी खटपट करून दुरुस्त करावी. म्हैसूरमध्ये तिचे जाणकार मेस्त्री अद्याप सापडतात. कामावर जाण्याचा प्रश्न निराळा आहे आणि तो एकट्याने सुटणारा नाही. याच शहराने २०१२ मध्ये सिटी बसचे येण्याचे वेळापत्रक प्रवाशाला थांब्यावर दाखवण्याची यंत्रणा देशात आघाडीने बसवली, २०१७ मध्ये 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू केली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला आणि गाड्या ओसंडून वाहू लागल्या. हेब्बाळच्या पाळ्यांच्या वेळी जादा बसगाड्या आणि द्रुतगती मार्गाला सलग, दिवे असलेले सेवारस्ते या दोन मागण्या अभियंत्यांच्या आणि मंड्याच्या शेतकऱ्यांच्या संघटना एकत्र मांडू शकतात. सेवारस्ते तुटक असल्याची तक्रार गावकरी २०२३ मध्ये, बंदी घातली गेली तेव्हापासूनच करीत होते.