मोक्याची जागा

दिवाळीच्या फराळाच्या ताटात भांडण वाढू नये, हे मला कळते. पण वसुबारसेला संगमनेरहून मावशी आली, ती भांडणाचा विषय पदराला बांधूनच! पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीला पैसे पडत नाहीत. तेव्हा मावशी पुण्यापर्यंत फुकट आली आणि वाकडेवाडीपासून आमच्या बिबवेवाडीपर्यंत रिक्षाला मात्र तिने पदरचे पैसे मोजले. "शिवाजीनगरचा स्टँड कुणी पळवला रे?" हा तिचा उंबरठ्यातला पहिला प्रश्न.

पळवला नाही, मावशी, हलवला. 2019 च्या अखेरीस, भुयारी मेट्रोच्या कामासाठी, 'तात्पुरता'. (सरकारी भाषेत याइतका चिवट शब्द दुसरा नसेल.) 1 ऑगस्ट 2023 रोजी खालची मेट्रो धावू लागली, वरची एसटी मात्र त्यानंतरही वाकडेवाडीतच राहिली. रेल्वे शेजारी, मेट्रो पायाखाली, आणि गावोगावचे उतारू तेवढे भलतीकडे!

मधल्या काळात त्या जागेला नवे विशेषण चिकटले: 'मोक्याची'. खासगी भागीदार घ्यावा, वर कचेऱ्या नि दुकाने, खाली स्थानक, असे बेत ऐकू येऊ लागले. महामंडळाला चार पैसे मिळाले तर बिघडले कुठे, असे शहाणी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी काही इमल्यांचा वैरी नाही. पण ही जागा मोक्याची केली कुणी? 1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली, तेव्हापासून वळकट्या, ट्रंका नि झोपाळलेली पोरे सावरीत एसटीतून उतरणाऱ्यांनीच ना? त्यांना बाहेर ठेवून जागेचे मोल करायचे म्हणजे यजमानाला ओसरीवर बसवून त्याच्या माजघराचा लिलाव पुकारणेच झाले!

कागदावरच्या शब्दांवर विसंबणाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्या आठवाव्यात. त्यांतल्या कित्येक सरकारच्याच होत्या. 1991 चा नियम सांगत होता: जमिनीचे तीन वाटे करा; एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी उरली ती गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरतीच. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. एवढ्याशा फरकात मैदानेही आटली आणि घरेही.

म्हणून मागणे एवढेच की, करारातले पहिले कलम उतारूचे असावे. फलाट किती, बाकडी किती, पिण्याचे पाणी कुठे, बायकांची सोय कुठे, आणि एसटी परत येण्याची तारीख कोणती? हे आधी लिहा आणि स्थानक आधी बांधा. वर मजले किती चढवायचे ते मग ठरवा.

भाऊबीज झाली की मावशीला परत पोहोचवायचे आहे. वाकडेवाडीलाच. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला आजच सांगून ठेवले आहे.