मद्यपान, मोटारसायकल आणि यजमानाचें कर्तव्य

पूर्वीं लग्नसराईंत एखादा गृहस्थ पिऊन गाडींत आडवा झाला, तरी बैल त्याला बिनचूक घरीं आणून पोंचवीत. धन्याची अक्कल गेली तरी बैलांची शाबूत असे. आज त्याच गृहस्थाचा नातू मोटारसायकलीवर स्वार असतो. या वाहनाला स्वतःची अक्कल नाहीं. जी काय ती चालविणाऱ्याची, आणि दारू प्रथम तिच्यावरच घाला घालते. हा फरक आपल्या वर्गाच्या ध्यानांत अद्याप नीटसा आलेला नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या उपनगरांशीं आपला संबंध नित्याचा आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथें आपलीं मुलें नोकरीधंद्यासाठीं राहतात, आणि जुन्या गांवठाणांतून आपले सोयरे आहेत. हळदीची रात्र, गटारी, 31 डिसेंबर अशा प्रसंगीं पेले फिरतात. मध्यरात्रीं पाहुणा निघतो. द्रुतगति महामार्ग मोकळा असतो. शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, हाताच्या कोपराला लटकत असतें.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें 2022 सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं 74,897 दुचाकीवरील होतीं. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50,029 होती, व त्यांत 14,337 जण केवळ मागें बसलेले होते. ताशीं 50 किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें 32 फूट उंचीवरून खालीं पडणें होय. ताडावर चढणारा माणूस दोराचा आधार घेतो. आपला मुलगा मात्र डोकें उघडें ठेवून त्या उंचीशीं खेळतो. हेल्मेटानें मृत्यूचा धोका सुमारें 42 टक्के व डोक्याच्या इजेचा सुमारें 69 टक्के कमी होतो, असें संशोधनांती दिसून आलें आहे. अर्थात् उरलेला धोका उरतोच. म्हणून हेल्मेट हा पिऊन गाडी हांकण्याचा परवाना नव्हे.

कायदा ढिला आहे असें म्हणतां येणार नाहीं. 100 मिलिलिटर रक्तांत 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास, 2019 च्या दुरुस्तीप्रमाणें, पहिल्याच गुन्ह्यास सहा महिनेपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मुंबईंत पोलिसांची मोहीम 2007 पासून चालू आहे, आणि जून 2022 पासून मागें बसणाऱ्याच्या हेल्मेटाविषयींही तेथें सक्ती होऊं लागली. परंतु पोलीस नाक्यावर उभा असतो. यजमान दारांत उभा असतो. पाहुणा नाक्यापूर्वीं दाराशीं येतो.

कोणी म्हणेल, पाहुण्याला अडविणें हा आदरातिथ्यास कमीपणा आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. “मला चढलेली नाहीं” ही पिणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरूं नये. ज्या बुद्धीनें ती द्यावयाची तीच ठिकाणावर नसते. म्हणून निर्णय पहिल्या पेल्यापूर्वीं झाला पाहिजे. गाडीची किल्ली यजमानानें आधींच मागून घ्यावी, रात्रीं ओटीवर अंथरूण घालावें, नाहींतर रिक्षा करून द्यावी. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याचें स्नान यांनीं नशा लवकर उतरते ही समजूत खोटी आहे. शरीर आपल्याच गतीनें मद्य जिरवितें व त्यास तास लागतात.

न पिणाऱ्यानेंही हेल्मेट घालावें. तें भारतीय मानकाच्या चिन्हाचें असावें व पट्टा हनुवटीखालीं बांधलेला असावा. पत्नी व चार वर्षांवरील मूल मागें असल्यास त्यांनाही तें द्यावें.

घरचा कर्ता मुलगा गेला म्हणजे शेत खंडानें लावण्याची पाळी येते, आणि म्हाताऱ्या आईबापांना कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावें लागतें. पाहुणा रागावला तर सकाळीं त्याची समजूत घालतां येईल. ज्यांच्या घरीं येत्या हंगामांत कार्य आहे, त्यांनीं निमंत्रणें लिहितांनाच किल्ल्या घेणारा माणूस नेमून ठेवावा.