उपयोगी भेट : कुणाच्या उपयोगाची?

लग्नात शोभेची वस्तू देऊ नये, उपयोगी द्यावी, असे आपण सगळ्याच म्हणतो. काचेचे मोर आणि भिंतीवरची पाचवी-सहावी घड्याळे देण्यापेक्षा कुकर बरा, हे आपल्याला पटलेले असते. पण उपयोगी म्हणजे कुणाच्या उपयोगाची, हे आपण स्त्री संघटनांतल्या बायकासुद्धा स्वतःला विचारत नाही. मला आज तेच विचारायचे आहे, आणि जरा भांडायचेही आहे.

निमित्त एका ज्यू लग्नाचे आहे. चळवळीतल्या आमच्या एका जुन्या मैत्रिणीच्या मुलीचे लग्न ठाण्याला ठरले आहे. शहादा-तळोद्याच्या आमच्या गटाने वर्गणी काढली आणि बैठकीत पहिला प्रश्न आला, "ज्यू लोकांना काय चालतं?" कुणी म्हणाले, स्टीलचा सेट. कुणी म्हणाले, मिक्सर. एकीने निरांजनाची जोडी सुचवली. सगळ्यांचे एकमत एवढ्यावरच की संसाराला लागेल असे काहीतरी द्यावे. माझे मत तिथेच वेगळे पडले.

आधी या कुटुंबाविषयी, कारण आपल्या भागात बऱ्याच जणींना त्यांची माहिती नाही. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबाग, पेण या भागात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरात मराठी, आडनावे गावावरून : पेणकर, केहीमकर, नवगावकर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. जी राहिली ती मुख्यतः मुंबई, ठाणे, रायगड, पुणे या भागात आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. या बायका मंगळसूत्र घालतात, लग्नात मेंदी लागते, आणि एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा होतो : गोड पोहे, खोबरे, फळे. म्हणजे लग्नघर आपल्या ओळखीचेच आहे.

स्वयंपाकघराचे नियम मात्र वेगळे आहेत. मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एकत्र खायचे नाही. काटेकोर पाळणाऱ्या घरात दोन्हींची भांडी वेगळी असतात. म्हणून मटणाच्या रश्शाला दही न लावता नारळाचे दूध घालतात. पेसाहच्या सणात आंबवलेले पीठ घरात चालत नाही, त्या दिवसांची भांडीही वेगळी ठेवतात. तेव्हा न विचारता नेलेला स्टीलचा सेट तिथे अडगळ होऊ शकतो. भांडे द्यायचेच तर त्या घरी आधी विचारावे, एवढे शहाणपण पुरेसे आहे.

पण भांड्यांचा एक संच असो की दोन, घासणार कोण? शनिवारी काम करायचे नाही, चूल पेटवायची नाही, हा त्यांचा धर्मनियम. चांगलाच नियम आहे. घाण्यावरच्या माणसाला आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी मिळाली. पण शनिवारी चूल पेटणार नाही म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत दोन दिवसांचे रांधायचे कुणी? ते घरच्या बाईने. आपल्याकडे नवऱ्याचा उपवास असला की बाईचे काम दुप्पट होते, त्यातलाच हा प्रकार. धर्म कोणताही असो, पुरुषाच्या सुट्टीचा स्वयंपाक बाईच करते. आणि आपण 'उपयोगी भेट' म्हणून तिच्या हातात काय ठेवतो? तेच काम करायची अवजारे. गवंड्याच्या लग्नात कुणी त्याला थापी देत नाही. मुलीला मात्र लाटणे देतो आणि वर म्हणतो, जोडप्याला दिले.

जोडप्याला दिले, या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायकांचे सामान सासरहून परत आणायचे काम आपण किती वर्षे करतो आहोत! एक टेम्पो, बाईचा भाऊ, दोन कार्यकर्त्या, जमले तर एक पोलीस शिपाई. दारातच भांडण सुरू होते. "हा कुकर आमच्या आत्याने दिलाय." "पलंग जोडप्याला दिलेला, तिचा एकटीचा कसा?" मग भांडी उलटी करून बुडावरची नावे वाचायची. नाव असते देणाऱ्या मामाचे, नाहीतर नवऱ्याचे. जिच्यासाठी बापाने कर्ज काढले तिचे नाव क्वचित असते. दागिन्यांची पावती बापाच्या नावावर, तीही हरवलेली. शेवटी चार पातेली, एक कपाट आणि फाटकी गादी घेऊन टेम्पो निघतो. ज्या घरात तिने दहा वर्षे काम केले ते घर टेम्पोत चढवता येत नाही. अशाच एका दिवशी आमच्या गटातली एक म्हातारी कार्यकर्ती अहिराणीत म्हणाली होती, "तिना नाववर काय शे?" त्या प्रश्नापुढे आम्हा सगळ्यांची भाषणे फिकी पडली.

कुणी म्हणेल, सातपुड्यात हुंडा नाही, देज आहे, तिथे बाईची किंमत आहे. किंमत आहे खरी, पण ती बापाच्या हाती जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाई नवऱ्याला सोडून आली की पंचांपुढे पहिली गोष्ट निघते देज परत करण्याची. तिने जंगलातून आणलेली मोळी, शेतात केलेली निंदणी, काढलेली बाळंतपणे, यांचा हिशेब कोणी मांडत नाही. खाली सपाटीवर हुंडा आणि आंदण नवऱ्याच्या घरी, वर डोंगरात देज बापाच्या घरी. बाई दोन्हीकडे रिकामी.

आता ज्यू लग्नातली एक गोष्ट सांगते, जी मला आपल्यापेक्षा शहाणी वाटते. त्यांच्या लग्नात 'केतुबा' नावाचा कागद होतो. त्यात नवऱ्याने बायकोला अन्नवस्त्र देण्याची जबाबदारी लिहिलेली असते, आणि घटस्फोट झाला किंवा ती विधवा झाली तर तिला किती रक्कम मिळेल तेही असते. त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, तो कागद लग्नविधीतच सगळ्यांसमोर वाचला जातो आणि बायकोच्या ताब्यात राहतो. शेकडो वर्षांची ही रीत आहे. ऐन लग्नात वैधव्य आणि काडीमोड यांचा उच्चार होतो आणि कुणाला अपशकुन वाटत नाही!

मी त्याची आरती ओवाळत नाही. केतुबाची मूळ भाषा अरामी, ती नवरीला बहुधा कळतही नाही. जुन्या नियमात कुमारिकेला २०० झुझ आणि विधवेला १०० अशी रक्कम. म्हणजे तिथेही बाईचे मोल कौमार्यावरच. आणि घटस्फोटाचा कागद, 'गेट', नवऱ्यानेच द्यायचा. त्याने दिला नाही तर बाई 'अगुना', म्हणजे बांधलेली. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्ने आणि घटस्फोट धर्मन्यायालयांच्या हाती दिले. गेट अडवून धरणाऱ्या नवऱ्यांविरुद्ध तिथल्या बायकांनी लढा दिला, आणि १९९५ मध्ये अशा नवऱ्यांवर निर्बंध घालणारा, तुरुंगातही टाकू शकणारा कायदा झाला. तरी कागद देणारा हात नवऱ्याचाच राहिला. आपल्याकडच्या परित्यक्तांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

भारतात ज्यूंच्या लग्न-घटस्फोटासाठी संसदेने केलेला वेगळा कायदा नाही, ते रूढीवर चालते. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाहीत. म्हणजे ठाण्याची बेने इस्रायली नवरी आणि धडगावची पावरा नवरी, दोघींचे लग्न रूढीच्याच आधारावर उभे असते. वारशात मात्र दोघींत फरक आहे. ज्यू मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने भावाइतकाच वाटा आहे. आदिवासी मुलीला तो रूढीच्या नावाखाली नाकारला जातो. कुठल्या समाजाच्या बाईला काय मिळाले नि काय नाकारले गेले, हे पाहिले की कोणाचाच धर्म किंवा जात बाईच्या बाजूची नाही हे दिसते. आपल्याला प्रत्येकीकडून कामाचे तेवढे उचलायचे आहे.

केतुबातून उचलायचे ते एवढेच : लिहा, सगळ्यांसमोर वाचा, आणि कागद बाईजवळ ठेवा.

असा कागद आपल्या कायद्यातही आहे, आपणच तो धूळ खात ठेवला आहे. हुंडाबंदी कायदा १९६१ चा, सर्व धर्मांना लागू. मागणी न करता दिलेल्या भेटींना त्यात मुभा आहे, पण त्यांची यादी केली असेल तरच. त्यासाठी १९८५ मध्ये नियम झाले. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्याने. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते, हे सगळे लिहायचे आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन हे बाईचेच, ते अडवणारा नवरा किंवा सासर विश्वासघाताच्या गुन्ह्याला पात्र ठरू शकते. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात, आणि तो कायदाही सर्वधर्मीय बायकांना आहे. पण हुकूम कशाचा द्यायचा? यादी कुठे आहे? आपण स्वतः किती लग्नांत ही यादी करायला लावली? मी विचारते आहे, कारण उत्तर मला माहीत आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. ठाण्याच्या लग्नाला आपण स्टीलचा सेट नेऊ नये. जमलेली वर्गणी नवरीच्या एकटीच्या नावे धनादेशाने द्यावी. 'श्री. व सौ.' नको. जी कागदपत्रे आज तिच्याजवळ आहेत त्यांवरचेच नाव लिहावे, म्हणजे तिला पोस्टात किंवा बँकेत स्वतःच्या खात्यात ते ठेवता येतील. सोबत एक चांगल्या बांधणीची वही द्यावी, पहिल्या पानावर रकाने आखून : वस्तू, किंमत, कोणी दिली, कोणाला दिली. आपली भेट पहिल्या ओळीत आपणच लिहावी. आणि तिला सांगावे की धार्मिक विधी झाल्यावर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही लग्न नोंदवता येते. मग उद्या वेळ आलीच तर घटस्फोट मागायला न्यायालयाचे दार तिलाही उघडे राहील, धर्माचे गेट हा वेगळा प्रश्न उरला तरी.

ज्यांना भांडेच द्यायचे आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. नाव घालणाऱ्याला सांगून बुडावर नवरीचे संपूर्ण नाव घालावे, आपले नाही. आणि कुकर-मिक्सर द्यायचाच तर नवऱ्याच्या यादीत, नवऱ्याच्या नावाने द्यावा. ज्याच्या नावाचा कुकर त्याने तो लावावा!

हरकती मला ऐकू येतात. शुभकार्यात तुटण्याची भाषा कशाला? केतुबा वाचणारा समाज ती भाषा ऐन लग्नात बोलतो, तरी त्यांचे संसार चालतातच. दुसऱ्या धर्मात आपण कशाला तोंड घालायचे? आपण तोंड घालत नाही, आपल्या मैत्रिणीच्या मुलीच्या हातात पैसे ठेवतो. आणि त्या समाजातल्या बायका आपली वाट पाहत बसलेल्या नाहीत. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१३ मध्येच बेने इस्रायल स्त्री मंडळ काढले. सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला शिकल्या आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. मुलीला दिलेली उपयोगी भेट काय असते, ते त्या शिष्यवृत्तीने दाखवले आहे. तिसरी हरकत, बाईच्या नावावर पैसे दिले की घरात भांडण लागते. लागू द्या. दोन हजार रुपये बायकोच्या नावावर असल्याने जे घर मोडते ते कुकरने सांधणार नाही.

शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगाव बायकांच्या नावावर जमीन करून दिली. शहाद्याच्या आदिवासी बायकांनी १९७२-७३ च्या सुमारास श्रमिक संघटनेतून दारूची मडकी फोडली. जमीन आणि दारू, एवढ्या मोठ्या गोष्टींना हात घालणारी आपली चळवळ लग्नाच्या मांडवात गेली की मुकाट्याने कुकरची रांग धरते, हे बरे नाही.

येत्या लग्नसराईत प्रत्येक गटाने एवढे करून पाहावे. ज्या लग्नाला जाल तिथे, हिंदू असो, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू की आदिवासी, भेटीसोबत यादीची वही न्या. दोघांच्या सह्या तिथेच घ्या आणि वही नवरीजवळ द्या. किती घरांनी सही केली, किती घरांनी तोंडे वाकडी केली, ते या अंकाकडे लिहून कळवा. नाव छापणार नाही, अनुभव छापू.