भूतानला जाताय? एक ठिकाण कमी करा

भूतानला जायचं ठरवलंत, चांगलं केलंत. सुट्टी काढून, पैसे साठवून, घरातल्या सगळ्यांना घेऊन जावं असाच तो देश आहे. देशाचा किमान साठ टक्के भाग जंगलाखाली राहिला पाहिजे, असं तिथल्या राज्यघटनेतच लिहिलं आहे. गाडीच्या खिडकीतूनही ते दिसतं.

पण निघण्याआधी थोडं ऐका. डोंगरात घाई केली की शीण तेवढा पदरात पडतो. निवांत फिरलात तर सगळं घर आनंदात परत येईल.

आधी कागदपत्रं बघा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असू द्या. आधार कार्डावर काम होत नाही. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला सोबत ठेवा. हे सगळं महिनाभर आधी तपासा. सीमेवर एकाचा कागद अडला की सगळं कुटुंब अडतं.

मग पैशांचा हिशेब करा. भारतीय पर्यटकाला सध्या माणशी, दर रात्री १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. मुलांना त्यात सवलत आहे. चार मोठी माणसं सहा रात्री राहिली तर २८,८०० रुपये यातच जातात. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. म्हणून हा आकडा वहीत सगळ्यात आधी मांडा, आणि निघण्यापूर्वी चालू दर एकदा विचारून घ्या.

तिथलं चलन न्गुल्त्रुम. त्याची किंमत आपल्या रुपयाइतकीच. आपल्या नोटा तिथे बहुतेक ठिकाणी घेतात, पण त्यांच्या नोटा आपल्याकडे चालत नाहीत. उरलेले पैसे परतण्यापूर्वीच खर्च करा. शंभराच्या नोटा जास्त ठेवा.

पावसाळ्यात जाऊ नका. दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. हिमशिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. डोंगरउतारांवरची ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं हवी असतील तर मार्च ते मे.

आता उंचीचं बघू. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. थिंफू हे अख्खं शहर सुमारे २,३०० मीटरवर वसलेलं आहे. सीमेवरच्या फुंटशोलिंगहून गाडीने निघालात तर सखल भागातून एका दिवसात इतकं वर चढता. रस्ता वळणावळणाचा. पाच-सहा तास सहज लागतात.

त्या दिवशी सकाळी हलकं खा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. त्यांची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा. थिंफूला पोचलात की काही बघायला धावू नका. पाणी प्या, गरम जेवा, लवकर झोपा. पहिल्या रात्री मद्य नकोच.

घरात कुणाला दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. चेले ला ही खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर आहे. तिथे कुणाचं डोकं ठणकू लागलं, मळमळलं, बसल्या जागी धाप लागली, तर फोटो राहू द्या. त्या माणसाला लगेच खाली आणा.

पुनाखाला जाल तेव्हा तिथे मुक्काम करा. बरेच जण थिंफूहून सकाळी निघतात आणि संध्याकाळी परततात. दोन्ही वेळा दोचूला खिंडीचा घाट, आणि दिवस गाडीतच जातो. मुक्काम केलात तर दोचूलाला सावकाश थांबता येतं. तिथे १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप, आहेत, आणि आकाश मोकळं असेल तर समोर हिमालयाची रांग दिसते. पुनाखा बरंच खाली आहे. हवा उबदार, झोप चांगली लागते. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा सतराव्या शतकातला झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, संध्याकाळी निवांत बघा. मुलांना नदीकाठी बसू द्या.

पारोचा ताक्त्संग मठ शेवटी ठेवा. तो ३,१०० मीटरहून थोडा अधिक उंचीवर, कड्याला बिलगून उभा आहे. तोवर शरीराला उंचीची सवय झालेली असते. सकाळी लवकर निघा. तिकीट पायथ्याशीच काढा. हातात काठी घ्या. जाऊन यायला अर्ध्याहून जास्त दिवस लागतो, आणि शेवटी पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात.

आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आग्रह करू नका. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहातूनही मठ छान दिसतो. तेवढंही जमणार नसेल तर त्यांना खाली पारो खोऱ्यातल्या क्यिचू ल्हाखांगला न्या. मंदिर फार जुनं, वाट सपाट. त्यांचाही दिवस सुखाचा जाईल.

खाण्याची काळजी नको. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज. तिथे मिरची हीच भाजी असते, म्हणून मुलांना देण्याआधी चाखून बघा. त्यांच्यासाठी बटाट्याची केवा दात्शी मागवा. सोबत तांबडा भात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पिशवीभर फराळ न्यायचं कारण नाही. थोडा नेलात तर रिकामी पाकिटं परत आणा.

झोंगमध्ये किंवा मंदिरात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. टोपी काढा. गाभाऱ्यात फोटो काढू नका. चोर्तेनला उजवी घालून चाला. भेटेल त्याला ‘कुझुझांगपो ला’ म्हणून नमस्कार करा. समोरचा माणूस खुलतो आणि बोलू लागतो. असं बोलणं प्रवासातला मोठा आनंद आहे, आणि त्यालाही वेळ लागतो.

म्हणून एवढंच करा. आज रात्री सगळ्यांनी मिळून यादी काढा. त्यातलं एक ठिकाण खोडा आणि एक मुक्काम वाढवा. एक दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवा. सावकाश जा, सगळ्यांना सोबत घेऊन जा.