वाळवण आणि वीज

मे महिना, दुपारचे पावणेतीन. खळ्यात आमसुलं पसरलेली, गच्चीवर आंब्याची साटं. समुद्राच्या बाजूला आभाळ लख्ख होतं, पण पूर्वेला सह्याद्रीच्या अंगानं काळंकुट्ट भरून आलं होतं. लांबवर पहिला गडगडाट झाला आणि सासूबाईंनी माजघरातून हाक दिली, "वाळवण गो!" पाखाडीतल्या घराघरांतून बायका बाहेर धावल्या. मीही धावले. गच्चीवरचं शेवटचं ताट उचलत होते तेवढ्यात डोळ्यांसमोर पांढरं फटक झालं आणि कानठळ्या बसल्या. शेजारच्या परसातल्या माडावर वीज पडली होती. आमच्या गच्चीपासून तो माड पन्नास पावलांवरही नसेल.

आम्हाला कुणाला काही झालं नाही. माडाचा शेंडा मात्र करपला. शेंडा गेला की माड गेला, त्याला दुसरी फूट नसते. झावळ्या एकेक करून गळत गेल्या आणि श्रावणात तिथं नुसता खांब उरला. येता-जाता तो खांब दिसायचा आणि दरवेळी तीच गोष्ट मनात यायची. गडगडाट झाला की घरात जायचं असतं. आम्ही कोकणातल्या बायका मात्र पिढ्यान् पिढ्या तो ऐकूनच बाहेर पडत आलो आहोत. कुणी वाळवण उचलायला, कुणी पेंढा झाकायला, कुणी लाकूडफाटा आत घ्यायला, कुणी सड्यावरची गुरं आणायला. आगोटीची सगळी कामं अंगणातली आणि वळवाचा मुहूर्तही नेमका त्याच दिवसांतला.

आमच्याकडे अजून म्हणतात की पायाळू माणसावर वीज पडते. माणूस जन्माला कसा आला हे वीज पाहत नाही. मोकळ्या जागेत उंच काय उभं आहे, तिला तेवढं पुरतं. माड, एकटं झाड, गच्चीवरचा माणूस. पाऊस सुरू व्हायची वाटही ती पाहत नाही, ढगापासून दहा-दहा किलोमीटर अंतरावर, डोक्यावर ऊन असतानाही ती पडू शकते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंद मोजले, तर वीज दहा किलोमीटरवर आहे, म्हणजे ती आपल्या टप्प्यात आलेली आहे. खरं तर मोजतही बसू नये, ऐकू आलं की आत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 2,887 माणसं वीज पडून गेली. त्याच वर्षी उष्माघाताचे नोंदलेले मृत्यू 730 होते.

हा दुसरा आकडा मला खरा वाटत नाही. वीज पडून माणूस गेला की सारा गाव बघतो. उन्हानं गेलेल्या माणसाच्या कागदावर बहुतेक वेळा हृदयविकार लिहिलेला असतो. त्यात आपण किनाऱ्यावरचे लोक उन्हाला उन्हात धरतच नाही. टीव्हीवर चंद्रपूर, अकोला 45-46 दिसतात आणि आपण म्हणतो, आपल्याकडे काय, छत्तीसच तर आहे. हवामान खात्याचा निकषही किनाऱ्यावर पारा 37च्या पुढे आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाही. पण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम येऊन काही होत नाही. आमच्याकडे मे महिन्यात घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असली की अमेरिकी हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे अंगाला 48च्या आसपास जाणवतं, आणि तेही सावलीत. उन्हात त्यावर आणखी सात-आठ अंश चढू शकतात. रात्रीही पारा 26-27च्या खाली उतरत नाही, त्यामुळे दिवसभर तापलेल्या शरीराला सुटका अशी नाहीच.

खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला गेलेली 14 माणसं दगावली. त्या दिवशी पारा 38च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा एप्रिलमध्ये किरकोळ वाटेल. म्हणूनच तो लक्षात ठेवला पाहिजे.

उकाडा आणि वीज ही आम्हाला दोन वेगळी संकटं वाटतात, सकाळचं एक आणि दुपारचं एक. मूळ एकच आहे. आपल्या अंगावरचा घाम वाळू न देणारी वाफ समुद्रावरून येते. दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर ती आत सरकते, तापलेल्या जमिनीवर आणि घाटाच्या चढाला लागून वर चढते. वर थंडाव्यात तिचं पाणी होतं, तेव्हा तिच्यात कोंडलेली उष्णता मोकळी होते आणि ढग आणखी उंच, दहा-बारा किलोमीटरपर्यंत फुगतो. वरच्या थरात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर घासतात, त्यातून वीज साठते. म्हणून 'आज जीव जातोय उकाड्यानं' असं ज्या सकाळी सगळे म्हणतात, त्या दुपारी घाटाकडे नजर ठेवावी.

हे सगळं सोसायचं कुणी, तर सड्यावरच्या बागांत काम करणाऱ्यांनी. रत्नागिरीच्या कितीतरी हापूस बागा कातळात सुरुंग लावून, खड्डे भरून उभ्या केलेल्या आहेत. तो जांभा दुपारी असा तापतो की चपलेतूनही चटका बसतो. आंबे काढणारा झाडावर चढलेला, हातात घळ, खाली पेट्या भरायची घाई, कारण संध्याकाळची गाडी चुकली तर वाशीचा भाव चुकला. बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी तर मे महिनाभर बागेतच राहतात, झाडाखाली नाहीतर पत्र्याच्या खोपटात. त्यांच्या फोनवर दामिनी ॲप कुणी घालून दिलेलं नसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ते केलं आहे, फुकट आहे, आसपास वीज पडण्याचा धोका असला की इशारा देतं. पण इशारा मिळाला तरी खाली उतरायची परवानगी कोण देणार? हजेरी कापली जाणार असेल तर माणूस झाडावरच राहतो. हवामान खात्यानं कितीही रंगांचे इशारे दिले तरी ही गोष्ट बागायतदारांच्या, म्हणजे आमच्याच हातात आहे, आणि आम्ही ती आजवर टाळली. हे मी माझ्या घराबद्दलही लिहिते आहे.

माड गेला त्या वर्षीच धाकट्या दिराशी बोलले. तो म्हणाला, "वहिनी, चार दिवस लवकर गडगडलं तर माल कुजेल." मी म्हटलं, "कुजू दे, पण गडी झाडावर नको." दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. मग त्यानंच ठरवलं. आता काढणी उजाडायला सुरू होते आणि अकराला थांबते. दहाला मीठ घातलेली पेज, सोबत लोणचं. जुन्या माणसांनी ती पेज उगाच ठेवली नव्हती, घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ ती परत देते. दुपारचं काम पेट्या भरायचं, तेही पक्क्या पडवीत. गडगडलं की सगळे आत, हजेरी पूर्ण. पहिल्या वर्षी बावीस पेट्या कमी गेल्या.

सासूबाईंना पटवणं जास्त अवघड होतं. रातांब्याच्या साली रसात बुडवून परत परत वाळवायच्या, आठवडाभराचा जीव त्यात गेलेला असतो. यंदा दुपारी गडगडलं तेव्हा त्या सवयीनं उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. खळ्यात आमसुलं भिजताना आम्ही दोघी आतून बघत होतो. पाणी लाल होऊन पायरीवरून वाहत होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलंच नाही. निम्म्या आमसुलांना बुरशी धरली, ती परसात पुरली. उरलेल्यांना त्यांनी पुन्हा मीठ लावलं.