शेअर बाजारातला हीरो आणि सीअर्सचे कामगार

हल्ली आपल्या वस्तीतली पोरंही डीमॅट खातं उघडतात. उघडावं. बाबासाहेबांनीही मुंबईत शेअर्सचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि ती बंद पडली. तेव्हा बाजार आपल्याला वर्ज्य नाही. प्रश्न आहे, मोबाईलवरच्या रील्स बघून हीरो कुणाला करायचं?

अमेरिकेतला एडी लॅम्पर्ट घ्या. व्हॅल्यू गुंतवणूकदार, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळणारी कंपनी हेरणारा. दिवाळखोर केमार्टचं कर्ज विकत घेऊन २००३ साली त्याने ही दुकानांची साखळी ताब्यात घेतली आणि २००५ साली तिला सीअर्स जोडली. व्यवहार ११ अब्ज डॉलरचा. ‘नवा वॉरन बफे’ म्हणून गवगवा झाला.

पण सीअर्स काय होती? जिम क्रो कायद्यांच्या काळात दक्षिणेतल्या काळ्या माणसाला गावच्या दुकानात गोरी गिऱ्हाइकं आटोपेपर्यंत ताटकळावं लागे. सीअर्सच्या कॅटलॉगमधून तो टपालाने माल मागवू लागला. गोऱ्याला जो भाव, तोच त्याला. पाणवठ्यावर वरून पाणी वाढलं जाण्याची वाट पाहिलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सीअर्सचा प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड याची मदत आणि काळ्या वस्त्यांनी स्वतः काढलेली वर्गणी, यांतून काळ्या मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्डही भांडवलदारच होता, संत नव्हता. तरीही फरक बघा.

लॅम्पर्टच्या काळात दुकानांच्या डागडुजीला पैसा नाही, पण कंपनीचेच शेअर परत विकत घ्यायला सुमारे ६ अब्ज डॉलर निघाले. सर्वात मोठा भागधारक कोण? तोच. २०१५ साली २३५ जागा सेरिटेज या नव्या कंपनीला विकल्या. तिचा अध्यक्षही तोच! सीअर्स आपल्याच जुन्या दुकानांचं भाडं भरू लागली. वॉलमार्टने, ॲमेझॉननेही तिला मारलं, हे खरंच. पण आजाऱ्याचं रक्त काढणाऱ्याला वैद्य म्हणायचं का?

ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सचं दिवाळं वाजलं. कधीकाळी तीन लाखांवर असलेले कामगार तेव्हा ६८,००० उरले होते. २०१९ साली सुमारे ९०,००० जणांच्या पेन्शनचा भार सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात पडला. त्याच वर्षी उरलेली चारशेवर दुकानं ५.२ अब्ज डॉलरला विकली गेली. घेणारा होता लॅम्पर्टचा फंड.